अधांतरी बटणे

साबणाची लादी वितळत असता एक क्षण असा येतो की भांडे रिकामेच आहे असे वाटावे. तुकड्यांच्या कडा विरघळून गेलेल्या असतात, शेवटचा चौकोन हळूच दिसेनासा होतो, आणि पातेल्याचा तळ इतका स्वच्छ दिसू लागतो की त्यावर बोटभर द्रव उभा आहे हे केवळ वाफेवरून ओळखावे. काचकारखान्यातून निवृत्त झालेले परीक्षक रोज दुपारी या क्षणाची वाट पाहत शेगडीपाशी उभे राहत. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात धाकटे पातेले, धाकट्यात ग्लिसरीनच्या साबणाचे सुरीने पाडलेले तुकडे. आच मंद. साबणाला उकळी फुटू द्यायची नाही, ढवळायचे तेही चमचा तळाला टेकवून, निजलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करावे इतक्या हलक्या हाताने. एरवी त्यात हवा शिरते.

पुढच्या खोलीत खिडकीशेजारी त्यांची पत्नी बसली होती. तिच्या एका अंगाला शिवणयंत्र होते, त्यावर तिनेच कधीकाळी शिवलेले जाड कापडाचे आच्छादन होते. तिचे दोन्ही हात मांडीवर, एकावर एक, ठेवून दिल्यासारखे. ज्या बोटांनी अर्ध्या गावाचे कोट, सदरे आणि झगे शिवले ती बोटे आता दिवसचे दिवस अशीच पडून असत. दृष्टी एकदम गेली नव्हती. आधी सुईचे नेढे गेले, मग शिवण, मग माणसांचे चेहरे. आता उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला होता.

"ऐकलंत का," ती आतल्या दिशेने म्हणाली, "भाचीला मी हो म्हटलंय. मशीन नेऊ दे तिला. घर लावून झालं की येणार आहे."

"कधी?"

"येईल महिन्याभरात. बटणांचा डबाही देणार आहे. सगळं एकदमच जाऊ दे."

"बघू," परीक्षक म्हणाले.

"तुम्हीच बघा. मला कुठलं आता बघायला."

ती थट्टाच होती, परंतु तिला कडवट कड होती. परीक्षकांनी आच बंद केली आणि पातेल्याकडे पाहत राहिले. त्यांना भय वाटत होते ते यंत्र जाण्याचे नव्हे. यंत्राच्या पाठोपाठ ही बाईही, याच खुर्चीवर बसल्या बसल्या, या घरातून निघून जाईल आणि मागे नुसते मांडीवरचे हात उरतील, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हे तिला सांगावे कसे, ते त्यांना उमजत नव्हते. आयुष्यभर त्यांनी पाहण्याचे काम केले होते; बोलण्याचे खाते पहिल्यापासून तिच्याकडे होते.

गल्लीत त्यांना बुडबुडेकाका म्हणत. भट्टीतून उतरून निवालेले पेले प्रकाशासमोर धरायचे, सावकाश फिरवायचे आणि काचेत कोंडलेला हवेचा बुडबुडा हुडकायचा, हा त्यांचा व्यवसाय. प्रत्येक पेटीतून एक पेला नमुन्यादाखल उचलायचा; तो निर्दोष तर पेटी निर्दोष. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांनीच नापास केलेल्या पेल्यांची एक पेटी समारंभपूर्वक त्यांच्या हाती दिली. सगळे हसले, तेही हसले. घरी आल्यावर मात्र ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना आणि पत्नीने ती पलंगाखाली सरकवली.

साबणाचा नाद लावला तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्यांच्याकडे साचे होते, वाती होत्या, मेणाच्या पांढऱ्या वड्या होत्या आणि भरपूर रिकामा वेळ होता. "भाऊजी, नुसते जिन्यात उभे राहून लोकांचे जोडे काय मोजता? या, हात चालवा," असे म्हणून त्यांनी परीक्षकांना साबणाची पहिली लादी कापायला बसवले. ओतलेल्या साबणावर बुडबुड्यांची साखळी दिसताच परीक्षकांनी तो साचा बाजूला सारला.

"अहो, हात धुवायचाय त्यानं. राजाला नजर नाही करायचा."

"बुडबुडा आहे."

"मग स्पिरिट फवारा. हे असं. गेला की नाही?"

स्पिरिटच्या एका फवाऱ्यासरशी बुडबुडे विरून गेलेले पाहून परीक्षकांनी साचा पुन्हा पुढे ओढून सगळ्या बाजूंनी पाहिला. काचेत अडकलेली हवा काढण्याचा उपाय त्यांना कधी कुणी सांगितला नव्हता. काचेला उपाय नव्हताच. तेव्हापासून त्यांच्या दुपारी बदलल्या. पलंगाखालची पेटी बाहेर आली आणि त्या नापास पेल्यांतून ते मेणबत्त्या ओतू लागले. वातीच्या बुडाशी मेणाचा थेंब लावून ती पेल्याच्या तळाला चिकटवायची, वरचे टोक दोन काड्यांमध्ये धरून ताठ ठेवायचे आणि पातळ मेण काठाकाठाने सोडायचे. निवताना वातीभोवती खळगा पडतो, तो दुसऱ्या ओतणीने भरायचा. सायंकाळी मेणबत्ती पेटली की काचेतल्या बुडबुड्यांतून उजेड फाके आणि भिंतीवर लहान लहान कवडसे तरंगू लागत, पाण्याखाली बसल्यासारखे. पत्नीला ते दिसत नसत. ज्योत मात्र, जवळ आणली तर, पिवळ्या डागासारखी जाणवे.

"आली का ती?" ती विचारी.

"आली. तुझ्या उजव्या हाताला आहे."

"हं," ती म्हणे, आणि चेहरा त्या दिशेला थोडासा वळवून ठेवी.

बटणाची गोष्ट घडली ती परीक्षकांच्या हौसेपायी. निव्वळ पारदर्शक साबण करून त्यांचे समाधान होईना. निर्दोष काचेतून जसे पलीकडचे दिसावे तसे साबणाच्या आत काहीतरी दिसावे, असे त्यांना वाटू लागले. वहिनी फुलांच्या पाकळ्या घालीत, पण पाकळ्या साबणात तपकिरी पडतात. एके दुपारी, पत्नीचा डोळा लागला असता, त्यांनी तिचा बटणांचा डबा उघडला. लाकडी डबा, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोऱ्यात ओवलेल्या बटणांच्या माळा. शिंपल्याची, शिंगाची, पितळेची, काचेची, लाकडाची. चाळीस वर्षांच्या सवयीचा हात आपोआप पुढे झाला. प्रत्येक माळेचा दोरा कापून त्यांनी एकेक बटण नमुन्यादाखल काढून घेतले आणि माळ होती तशी पुन्हा बांधून ठेवली.

मग साच्यात अर्धा साबण ओतला. त्यावर साय धरू दिली, सायीवर बटण ठेवले, स्पिरिट फवारले आणि उरलेला अर्धा वरून सोडला. सकाळी साचा उपडा केला तेव्हा बटण साबणाच्या मधोमध अधांतरी राहिले होते, कशालाही न टेकता. प्रकाशासमोर धरून त्यांनी ते फिरवले. एकही बुडबुडा नव्हता. ही चीज कुणाला दाखवावी असे त्यांना झाले. आणि घरात जी एकच व्यक्ती होती तिला दाखवण्याची सोय नव्हती. म्हणून काही साबण त्यांनी औषधवाल्यांना, ग्रंथालयातल्या बाईंना आणि वरच्या वहिनींना देऊन टाकले. एक साबण हात धुण्याच्या मोरीपाशी ठेवला, काही न बोलता. उरलेले कपाटात रचले.

काही दिवस गेले. एका सकाळी मोरीतला नळ नेहमीपेक्षा फार वेळ वाहत राहिला म्हणून परीक्षक पाहायला गेले. पत्नी उभी होती. तळव्यावर झिजून पातळ झालेला साबण आणि त्यावर तिचा अंगठा, थांबलेला.

"यात काहीतरी आहे."

"बटण आहे."

"बटण आहे ते कळलं हो. बटण कळायला मला डोळे नाही लागत." तिने अंगठा पुन्हा फिरवला. "थांबा, सांगू नका. शिंपल्याचं. दोन भोकांचं. पाठ खडबडीत सोडलेली." तिने साबण दुसऱ्या हातात घेतला. "हे त्या व्हायोलिनवाल्याच्या सदऱ्याचं. मला म्हणाला, बाई, बटण असं लावा की माझ्या वाद्याला ओरखडा पडता कामा नये. मी म्हटलं, मग लावूच नका, बंद बांधा. तर म्हणाला, बंद बांधून मैफलीत बसू? मी काय तान्हा आहे?"

परीक्षकांनी नळ बंद केला. ती बोलतच राहिली. व्हायोलिनवाला माप देतानाही डावा खांदा उचलून उभा राहायचा, म्हणून त्याची डावी बाही उगाच चढायची; त्याची बायको दारात उभी राहून म्हणायची, जरा खांदा खाली घ्या, वाद्य घरी आहे. ओल्या हातांनी, मोरीच्या दारात, ती त्या खांद्याची उंची हवेत दाखवत होती. परीक्षकांना वाटले, या ओलसर, अरुंद जागेत तो माणूस खरोखरच येऊन उभा राहिला आहे आणि आपण अंग चोरून त्याला वाट दिली पाहिजे.

"कुठून आणलंत हे?" तिने शेवटी विचारले. "माझ्या डब्यातलं? सुट्या बटणांच्या डबीत होतं वाटतं."

परीक्षक "हं" म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांचा सगळा अपराध मावला.

त्यानंतर कपाटातले साबण एकामागून एक मोरीपाशी येऊ लागले. बटण उगवायला फार दिवस लागू नयेत म्हणून ते आता मूळचा साबण पुन्हा वितळवून बटण अगदी वरच्या पापुद्र्याखाली बसवीत. पत्नीचे हात इतके स्वच्छ कधीच नव्हते. चहाआधी धुवायचे, चहानंतर धुवायचे, मध्येच काही आठवल्यासारखे उठून भिंत चाचपत जायचे आणि धुवायचे. "आज कोण आहे आत?" ती विचारी, जणू साबणात बटण नसून माणूसच राहतो. पितळेच्या बटणातून एक दरवान आला, ज्याला गणवेशाच्या आत चोरखिसा हवा होता. काचेच्या बटणातून एक वधू आली, जी मापे घेताना हसत राहिली आणि म्हणून झगा छातीत सैल झाला. सायंकाळी भिंतीवर कवडसे तरंगत, आणि ती सारी माणसे, काही मेलेली, काही दूरदेशी गेलेली, त्या कवडशांमधून जिना चढून वर येत, मापे देत आणि निघून जात. परीक्षक ऐकत. इतकी वर्षे हे सारे याच खोलीत घडत होते आणि आपण दिवसभर कारखान्यात पेले फिरवीत होतो, याचे त्यांना नवल वाटे.

मग निरोप आला की भाची येत्या रविवारी गाडी घेऊन येणार.

पत्नीने डबा मागवला. द्यायचा तर नीट लावून द्यावा. खिडकीपाशी बसून तिने पहिली माळ उचलली, बोटांतून सरकवली आणि गाठीशी थांबली.

"ही गाठ माझी नाही."

परीक्षक शेगडीपाशी होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"ही पेटी बांधायची गाठ आहे. तुमच्या कारखान्यातली." तिने दुसरी माळ उचलली. "हीसुद्धा. सहा होती यात, पाच आहेत." तिसरी, चौथी. "अहो, इकडे या. तुम्ही प्रत्येक माळेतलं एकेक काढलंत?"

"नमुना म्हणून."

"नमुना."

"सवयीनं गेला हात."

"पाच बटणांनी सहा काजांचा कोट लावायचा कसा? सहावं काज काय वाऱ्याला ठेवायचं? एक अख्खी माळ घेतली असतीत तर एकच संच गेला असता. तुम्ही सगळेच्या सगळे मोडलेत. आणि सुट्या बटणांची डबी शेजारीच होती."

"दिसली नाही."

"तुम्हाला दिसली नाही," ती म्हणाली.

 शेगडीवर पातेल्यातले पाणी गुणगुणत होते. परीक्षकांच्या मनात आले की आपणच, आपल्या हाताने, उरलेसुरले तोडून ठेवले. आता रविवारी यंत्र जाईल, डबा जाईल, आणि साबणाच्या पापुद्र्याखाली बोलणारी ती माणसेही जातील.

"किती वाटलेत बाहेर?" तिने विचारले.

त्यांनी सांगितले.

"रविवारच्या आत परत आली पाहिजेत. मोडके संच देऊन मी तिच्याकडून नावं ठेवून नाही घेणार."

"मी जाऊन आणतो."

"तुम्ही नाही. तुम्हाला शिंग नि लाकूड यातला फरक कळत नाही, ते काहीतरी भलतंच हातात ठेवतील. मी येते. चपला कुठे आहेत माझ्या?"

ती जिना उतरली त्याला किती काळ लोटला होता हे दोघांनाही आठवेना. एक हात कठड्यावर, एक परीक्षकांच्या दंडावर. वळणावर वरच्या वहिनी भेटल्या.

"काय हो भाऊजी, दिलेली भेट परत मागायला निघालात असं ऐकते. शोभतं का?"

"वहिनी, तुमच्याकडचं बटण?" पत्नीने विचारले.

"अगं, माझा साबण संपला, आणि बटण घसरून गेलं मोरीतून. मी आपली काठीनं टोचत बसले. कसलं होतं?"

"शिंगाचं."

"मग ते गेलं बाई समुद्रात. कुठल्या तरी माशाच्या कोटाला लागेल."

पत्नी हसली नाही, पण पायरी उतरताना आपल्या दंडावरची तिची पकड किंचित सैल झाल्याचे परीक्षकांना जाणवले.

औषधवाल्यांनी साबण वापरलाच नव्हता. काचेच्या कपाटात, शक्तिवर्धक बाटल्यांच्या मधोमध, त्याला स्वतंत्र जागा मिळाली होती. "अहो, गिऱ्हाईक विचारतं, हे कशावर चालतं? मी म्हणतो, मनावर," ते म्हणाले. "न्या. पण बदल्यात दुसरा द्या मला. बटण नसलेला चालेल." थोडे थांबून त्यांनी दुरुस्ती केली, "नाही, असलेलाच द्या."

ग्रंथालयात मात्र अडचण होती. ग्रंथपालबाईंच्या हातांना दिवसभर जुन्या पानांची धूळ लागायची, त्यामुळे साबण केव्हाच झिजून बटण मोकळे झाले होते. नेमके त्याच सुमारास त्यांच्या लोकरीच्या जाकिटाचे एक बटण हरवले होते. तेव्हा त्यांनी ते तिथे लावून टाकले होते.

"दाखवा," पत्नी म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, जवळ या."

ग्रंथपालबाई मेजावरून पुढे वाकल्या. पत्नीची बोटे जाकिटाच्या पट्टीवरून खाली उतरली, बटणापाशी थांबली, मागच्या बाजूला गेली.

"हे कोणी लावलं?"

"मीच. घाईत."

"लावलं नाहीत, जखडलंय. कापड बघा कसं गोळा झालंय. असं ठेवलंत तर चार दिवसांत पट्टीच फाटेल. सुई आहे?"

पुस्तके बांधायची सुई होती, मेण लावलेला दोराही होता. ग्रंथपालबाई दोरा ओवून देऊ लागल्या, तर पत्नी म्हणाली, "राहू दे." तिने दोऱ्याचे टोक ओले केले, चपटे केले, सुई जिभेच्या टोकाशी नेली. पहिल्यांदा दोरा चुकला. दुसऱ्यांदाही. ग्रंथालयात आधीच शांतता होती; आता वाचक पाने उलटायचेही थांबले होते आणि आपण वाचतच आहोत असे दाखवत माना खाली घालून बसले होते. परीक्षकांना हात पुढे करावासा वाटला. त्यांनी तो पाठीमागे दुसऱ्या हाताने धरून ठेवला. पुन्हा चुकला. मग तिने श्वास सोडला, जिभेने नेढे पुन्हा शोधले, आणि दोरा पलीकडून निघाला.

तिने जुने टाके उसवले, बटण कापडापासून किंचित वर धरून नवे घातले, आणि शेवटी बटणाखाली दोऱ्याला वेढे देऊन काजाची पट्टी मावेल एवढी त्याची मान केली. सुई वर येई तेव्हा तिचे डाव्या हाताचे बोट आधीच तिथे पोचलेले असे. सुई बोचलीही एकदा. तिने बोट तोंडात धरले आणि पुढे चालू ठेवले.

"आता हे तुमचंच," गाठ मारून ती म्हणाली.

"पण संच?" परीक्षकांनी विचारले.

"पाच राहिली ना. लहान मुलाच्या कोटाला पाच पुष्कळ होतात."

 परत येताना उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात शिरताना दर वेळी तिची चाल किंचित बदलत होती, जणू रस्ता तिला कापडाच्या पट्ट्यांसारखा पायाखाली कळत होता.

घरी राहिलेले साबण त्या सायंकाळी वितळवायचे ठरले. तिने खुर्ची शेगडीजवळ घ्यायला लावली. साबण विरघळत गेले तशी बटणे एकेक करून तळाशी बसू लागली, आणि तो बारीक टणत्कार ऐकून ती सांगू लागली, "पितळ. काच. हे शिंपल्याचं, याला आवाज नाही." परीक्षकांनी गाळणीतून साबण ओतून घेतला, बटणे निथळून तिच्या पदरात टाकली, आणि ती ओवत बसली. लाकडी बटणांचा रंग उतरला होता. ती तिने वेगळी काढली. औषधवाल्यांना द्यायच्या साबणात त्यातलेच एक घालायचे ठरले, आणि उरलेला साबण साच्यात अर्धा ओतून परीक्षक दुसऱ्या थराची वाट पाहू लागले. हे त्यांना नेहमी अवघड जाई. साय धरली की नाही हे ते डोळ्याने ठरवीत. लवकर ओतले तर दोन्ही थर एक होत, उशिरा ओतले तर थर सुटून येत.

"बोट लावू?" ती म्हणाली, आणि परवानगीची वाट न पाहता करंगळीचे टोक साच्यावर टेकवले. "नाही अजून." थोड्या वेळाने पुन्हा. "आता. दुधासारखी ओढतेय."

त्यांनी बटण ठेवून वरून ओतले. थर सुरेख बसला. पेल्यातली मेणबत्ती जळत होती, कवडसे भिंतीवरून छताकडे सरकत होते, आणि साबणाची मंद वाफ त्या दोघांच्या मधोमध उभी होती. परीक्षकांना तेव्हा धीर आला.

"ऐक ना," ते म्हणाले, "मशीन देऊ नकोस."

"का?"

"तू आज शिवलंस."

"बटण लावलं. त्याला शिवणं नाही म्हणत." माळेला गाठ मारून तिने दोरा दाताने तोडला. "मशीनला डोळे लागतात हो. तिची सुई धावते. बोट मध्ये आलं की थांबत नाही. मी त्या खुर्चीवर रोज बसते ते कशासाठी वाटतं तुम्हाला? तिच्या शेजारी बसून रोज ऐकते, की ती चालत नाहीये."

परीक्षकांनी कधी असा विचार केला नव्हता. ते यंत्राकडे पाहू लागले. आच्छादनाखाली ते त्यांना प्रथमच, घरात राहायला आलेल्या आणि जायचे नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखे दिसले.

रविवारी भाची आली, बरोबर गाडीवाला आणि जाड दोरखंड घेऊन. तिने मावशीला मिठी मारली, मोरीत जाऊन हात धुतले आणि ओल्या हातांनी साबण घेऊन बाहेर आली. "काका, यात काही नाही? मला तर वरच्या काकूंनी सांगितलं, तुमच्या साबणातून बटणं निघतात."

"हा साधा आहे," परीक्षक म्हणाले. त्यांचा स्वर त्यांनाच परका वाटला.

पत्नी उठून यंत्राशी गेली. आच्छादन काढून तिने त्याची घडी केली. पाठीवरून, चाकावरून, सुईच्या दांडीवरून तिचा हात सावकाश फिरला. तेल कुठे घालायचे, पट्टा कधी कुरकुरतो, उलटा टाका घालताना कुठला अडसर बोटाने दाबून धरावा लागतो, हे तिने भाचीला एकदा सांगितले, पुन्हा सांगायला लावले, आणि चुकले तिथे हातावर चापट मारली.

"आणि डबा, मावशी?"

"डबा नाही देणार."

"अगं, फोनवर तर डबाही म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं. तेव्हा संच पुरे होते. पुरे संच कुणालाही देता येतात. आता त्यातले काही मोडलेत. पाच बटणांना कुठे जागा आहे, चारांना कुठे आहे, ते शोधत बसावं लागणार. तुला नोकरी आहे, तुला नाही व्हायचं ते."

"तू शोधणार?"

"ग्रंथालयातल्या बाईंकडे आणखी दोन जाकिटं आहेत. त्या औषधवाल्याच्या डगल्यालाही वरचं बटण नाही. बोलताना पट्टी फडफडत होती, मी ऐकलं."

भाचीने काकांकडे पाहिले. काकांनी खांदे उडवले. त्यांना स्वतःलाही हे आत्ताच कळत होते.

गाडीवाल्याने यंत्र उचलले. जिन्यातून उतरतानाचे त्याचे ठोके, वहिनींच्या सूचना, भाचीने खालून घेतलेला निरोप, गाडीचे फळकूट लागल्याचा आवाज, हे सर्व परीक्षकांनी दारात उभे राहून ऐकले. मग ते वळले. ज्या क्षणाचे त्यांना महिनाभर भय वाटत होते तो आता खोलीत होता. खिडकीखाली यंत्राच्या पायांचे चार फिकट ठसे फरशीवर उरले होते आणि बाकी जागेत ऊन पडले होते.

पत्नी खुर्चीवरून उठली. भिंतीला हात लावत ती त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात दोन बाजूंना पसरले, एका हाताने खिडकीची चौकट गाठली, दुसऱ्याने कपाटाची कड, आणि हाताच्या मापाने अंतर जोखले. गिऱ्हाइकाच्या पाठीचे माप घ्यावे तसे.

"ऊन येतं ना इथं?"

"येतं."

"मग तुमचं ते साबणाचं टेबल इकडे आणा. तिथं अंधारात काय ओतत बसता? माझी खुर्ची या बाजूला, म्हणजे साय कधी धरते ते मी सांगेन. डबा खिडकीत राहील."

परीक्षक तसेच उभे राहिले. उन्हात तिचे पसरलेले हात ते पाहत होते.

"उभे काय राहिलात? धरा एक बाजू. मी दुसरी धरते."

"तुला उलटं चालावं लागेल."

"मला मागे काय नि पुढे काय," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगत या."

टेबल जड होते. दोघांनी ते उचलले, आणि ती पाठमोरी, पाऊल चाचपत, एकेक पाऊल मागे टाकू लागली. परीक्षक तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत बोलू लागले. थोडं डावीकडे. आता सरळ. उंबरा आहे, पाय उचल. आता आणखी थोडं. त्यांनी एवढे बोलणे सलग कधी केले नव्हते.